पिठी हरवली तेव्हा

उत्तरायण म्हणजे काय असतं, हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. सकाळपासून धाब्यावर स्पीकर, 'काप्यो छे'च्या आरोळ्या, दुपारी उंधियू-जलेबी आणि अंधार पडला की फटाके. आमचं मराठी घर असल्यामुळे शिवाय तिळगूळ आणि गुळाच्या पोळ्या. मागच्या १४ जानेवारीलाही पोळ्या झाल्या होत्या, पण रात्री त्यांना कुणी हात लावला नाही. आमची पिठी घरात नव्हती.

पिठी म्हणजे आमची मांजर. पांढरीशुभ्र, पाठीवर दोन पिवळे डाग. नाव सासूबाईंनी पिठीसाखरेवरून ठेवलं. शेजारच्या मासी खूप हसल्या होत्या, कारण गुजरातीत पीठी म्हणजे लग्नातली हळद. पण त्या पिवळ्या डागांमुळे नाव दोन्ही भाषांत शोभून गेलं. सासरे गेले त्या वर्षी ती आली आणि तेव्हापासून आईंच्याच खोलीत झोपते. रात्री त्या तिच्याशी काय बोलतात हे आम्ही कधी विचारलं नाही. एवढंच माहीत आहे, की ती आल्यापासून त्या पुन्हा बोलायला लागल्या.

घरात पाहुणे, मुलांची वर-खाली ये-जा, धाब्याचं दार सताड उघडं. चार वाजता पिठीला मी जिन्यात पाहिलं होतं. सात वाजता आईंनी तिची वाटी ठेवली आणि ती आली नाही. पहिले दोन तास आम्ही 'येईल गं, आवाजाला घाबरून बसली असेल' म्हणत काढले. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, परत तोच गोंगाट. आम्ही दोन्ही दिवस हातात डबा वाजवत दांडिया बाजारच्या चार गल्ल्या फिरलो. आई ओट्यावर बसून राहिल्या. जेवल्या नाहीत.

१६ तारखेला माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानाचं सीसीटीव्ही मिळवलं. चार ते सात या वेळात पिठी कुठेच दिसली नाही. पण पाच चाळीसला इस्त्रीवाल्यांचा मुलगा दिसला, हातात मोठी, जड थैली. हा मुलगा रोज कपडे द्यायला वर यायचा, पिठीशी खेळायचा आणि 'मने आपी दो ने' म्हणून तिला मागायचाही. माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. विचार न करता मी ती क्लिप गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'ह्या थैलीत काय आहे, कुणी ओळखतं का?'

अर्ध्या तासात ग्रुपवर न्यायालय भरलं. कुणाला आठवलं की त्यांची सायकल गेली होती, कुणाला नळाची तोटी. मी त्यांच्या दुकानावर गेले, तेव्हा मुलगा रडवेला झाला होता. थैलीत धुवायला आलेल्या चादरी होत्या, असं त्याच्या आईने सांगितलं. मुलगा म्हणाला, "आंटी, मारी पासे नथी. पेली मांडववाळानी वखार खुल्ली हती ने, त्यां जोयुं?" मी ते ऐकलं, पण मनात म्हटलं, विषय बदलतोय. वखारीला मोठं कुलूप होतं. मी परत आले.

त्याच संध्याकाळी आम्ही पोस्टर लावली आणि रात्री एक फोन आला. 'तुमची मांजर माझ्याकडे आहे, रिक्षाचे दोन हजार आधी पाठवा.' मी विचारलं, शेपटीच्या टोकाला कोणता रंग आहे? तो म्हणाला, काळा. पिठीची शेपूट पांढरीच आहे. फोन कट.

१७ ला रात्री मला झोप लागेना. ऑफिसात एखादी चूक सापडत नसेल तर आम्ही एकच करतो: सगळं नीट चालत असल्याची शेवटची वेळ धरायची आणि त्यानंतर काय काय बदललं त्याची यादी करायची. मी कागद घेतला. चार वाजेपर्यंत पिठी होती. त्यानंतर गल्लीत कोणती दारं उघडली आणि बंद झाली? आमचं धाबं, मासींचा मागचा जिना, पाण्याच्या मोटरची खोली आणि मांडववाल्यांची वखार. धाब्यांवर खुर्च्या पोचवायला ती दुपारी उघडली होती आणि अंधार पडल्यावर बंद झाली. मग मालक गावाला गेले. हेच तर तो पोरगा मला सांगत होता.

पहाटे चार वाजता मी आणि नवरा टॉर्च घेऊन खाली गेलो. वखारीच्या शटरखाली चार बोटांची फट होती. हाका मारल्या, काही उत्तर नाही. टॉर्च जमिनीला लावून आत मारला. गालिच्यांच्या गुंडाळ्यांमागे, अगदी खाली, दोन हिरवे ठिपके चमकले. मांजरीच्या डोळ्यात मागे आरशासारखा एक थर असतो, त्यामुळे अंधारात ते असे चमकतात. ती आवाज करत नव्हती, हलत नव्हती, फक्त बघत होती.

मालकांना फोन केला. त्यांचा पुतण्या आठ वाजता किल्ली घेऊन आला. पिठी धुळीने माखलेली, डोळे खोल गेलेली, पण जिवंत. डॉक्टरांनी सलाईन दिलं आणि थोडं थोडंच खायला घाला म्हणाले. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजरांच्या लिव्हरवर चरबी साठून जीव धोक्यात येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मी त्या मुलाचं ऐकून घेतलं नाही, ते दोन दिवस किती महागात पडले असते, बघा.

मंडळी, नंतर मी या विषयावर बरंच वाचलं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्यासाठी त्यातलं कामाचं इथे देते.

पहिलं म्हणजे, लांब जाऊ नका. 'अॅनिमल्स' या नियतकालिकात २०१८ साली १,२१० हरवलेल्या मांजरांचा अभ्यास छापून आला. त्यातली सुमारे ३४ टक्के मांजरं सात दिवसांत जिवंत मिळाली आणि वर्षभरात ६१ टक्के सापडली. सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. कायम घरातच राहणाऱ्या मांजरांचं तर त्याहून कमी, पाऊणएक मांजरं १३७ मीटरच्या आतच. म्हणजे आपल्या गल्लीच्या दोन टोकांइतकं. आणि फार चौकस स्वभावाची मांजरं दुसऱ्याच्या घरात सापडण्याची शक्यता जास्त. आम्ही डबा वाजवत चार गल्ल्या फिरत होतो आणि ती चार घरं सोडून होती.

दुसरं, हाकेला उत्तर आलं नाही म्हणून मांजर तिथे नाही असं समजू नका. घाबरलेली मांजर ओळखीच्या आवाजालाही ओ देत नाही, कारण गप्प राहणं हाच तिचा बचाव असतो. म्हणून हाका कमी, डोळ्यांनी शोध जास्त. गल्ली शांत असेल तेव्हा, मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे, टॉर्च घेऊन निघा. गाड्यांखाली, जिन्याखाली, अडगळीत, पत्र्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांच्या मागे खाली वाकून बघा. शेजाऱ्यांना 'दिसली का' विचारून भागत नाही. 'तुमची खोली, वखार, गॅरेज एकदा माझ्यासमोर उघडाल का' असं विचारा. पोस्टरवर फोटो मोठा ठेवा आणि एक खूण मुद्दाम लिहू नका. पैसे मागणारा फोन आला तर तीच खूण विचारा. आधी पैसे कुणालाही पाठवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

तिसरं, चोरीचं. चोरी होतच नाही असं नाही, महागड्या जातीच्या मांजरांची तर नक्कीच होऊ शकते. आपल्या कायद्यात पाळीव प्राणी ही जंगम मालमत्ता आहे आणि तो चोरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा आहे. त्या कलमात तर आमिष दाखवून दुसऱ्याचं कुत्रं मागे यायला लावणाऱ्याचं उदाहरणच दिलं आहे. पुरावा असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करा. त्यासाठी लसीकरणाचं कार्ड, वेगवेगळ्या वयाचे फोटो आणि अंगावरच्या खुणांची नोंद जपून ठेवा. मायक्रोचिप बसवता येते. तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. ती मांजर कुठे आहे हे दाखवत नाही, पण सापडलेली मांजर कुणाची, हा वाद मिटवते. आम्ही पिठीला बसवली आहे. पण पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नका, आणि ग्रुपवर तर मुळीच नको.

हे शेवटचं वाक्य लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, म्हणूनच लिहिते आहे. पिठी सापडली त्या दिवशी मी ग्रुपवर माफी मागितली. क्लिपला पन्नासएक उत्तरं आली होती, माफीला सात. मग आई स्वतः उठल्या. गुळाच्या पोळ्या नव्याने केल्या, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल, मी पण येते. मांजर माझी, चूक आपल्या घरची." इस्त्रीवाल्यांच्या दुकानासमोर त्या हात जोडून उभ्या राहिल्या. मुलाची आई म्हणाली, "छोडो ने बा, मळी गई ने." त्यांनी डबा घेतला. तरी पुढचे दोन महिने मुलगा वर आला नाही. कपडे त्याचे वडीलच आणून द्यायचे. मी काही म्हटलं नाही, म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

होळीनंतर एके दिवशी बेल वाजली. तो दारात उभा होता, हातात चादरी. पिठी आईंच्या खोलीतून आली आणि त्याच्या पायांत घोटाळायला लागली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आव ने, बेस." तो बसला.

यंदा उत्तरायणाला पिठी दिवसभर आईंच्या खोलीत बंद होती. खिडक्या लावलेल्या, आत पाणी, वाटी आणि तिची गोधडी. दारावर माझ्या मुलीने मराठी आणि गुजरातीत पाटी लावली होती, 'उघडू नये'. धाब्यावर फिरकी धरायला इस्त्रीवाल्यांचा मुलगा होता. खाली येताना दर वेळी तो एकदा त्या दाराची कडी हलवून बघत होता.