केसपेपरवरची एक ओळ

‘जुन्या केसपेपरवर पर्सनॅलिटी डिसऑर्डर लिहिलंय. नव्या डॉक्टरांना तो दाखवू की नको?’ असं एका वाचक भगिनीने विचारलं आहे. तिची धास्ती अनाठायी नाही. या धास्तीवर चक्क प्रयोग झालेला आहे.

1988 साली ब्रिटनमध्ये ग्लिन लुईस आणि लुई ॲपलबी या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्याच व्यवसायबंधूंची परीक्षा घेतली. त्यांना एका रुग्णाची हकिगत वाचायला दिली. वय 34, घरी एकटाच रडत बसतो, झोप नाही, अंगावर कर्ज, जीव द्यावासा वाटतो. ‘मला दाखल करून घ्या’ म्हणतो. काही प्रतींमध्ये एक भर होती: दोन वर्षांपूर्वी याला व्यक्तिमत्त्व विकाराचं, म्हणजे पर्सनॅलिटी डिसऑर्डरचंच, निदान झालं होतं. पेपर तपासण्याआधी परीक्षकाला मुलाचे गेल्या वर्षीचे गुण दाखवावेत, तसंच झालं. ती ओळ वाचलेल्या डॉक्टरांना तोच माणूस त्रासदायक, नाटकी, आपल्याला खेळवणारा वाटला. कर्ज आणि आत्महत्येचे विचार, दोन्ही म्हणे त्याच्याच हातातलं! हे निदान नसून शेरा आहे, तो मोडीतच काढा, असं लेखकद्वयाने लिहिलं.

गंमत पाहा. हेच ॲपलबी 2000 मध्ये इंग्लंडच्या मानसिक आरोग्य सेवेचे राष्ट्रीय संचालक झाले. या निदानाच्या रुग्णांना सेवेबाहेर ठेवू नका, असं बजावणारा सरकारी दस्तऐवज 2003 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत निघाला. संज्ञा मात्र मोडीत निघाली नाही.

ती निघावी, असं मलाही वाटत नाही. या विकाराच्या बॉर्डरलाइन प्रकारावर मार्शा लिनहन यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धती आहे, आणि नेमकं निदान झालं तरच रुग्ण तिथवर पोचतो. सतराव्या वर्षी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे लिनहनबाईंनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. तोवर त्या नामवंत प्राध्यापक झालेल्या होत्या. ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइनचं निदान झालेल्या 290 रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या 93 टक्क्यांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं ओसरली होती. नोकरी, नातीगोती सावरून पूर्ण उभे राहिले ते मात्र निम्मेच.

तेव्हा ताई, केसपेपर दाखवा, आणि ‘यावर तुमच्याकडे कोणता उपचार आहे?’ असं सरळ विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा तुमचा हक्क आहे. शेरा वाचून डॉक्टरांचा चेहराच बदलला, तर डॉक्टर बदला. मध्येच मन फार खचलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.