पेलेटची जुनी शेगडी : हंगामाआधी काय तपासावे?

थंड मुलखात पेलेटची शेगडी लोक घर गरम ठेवण्यासाठी वापरतात. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर थंडी ती किती! आपल्याकडे ही शेगडी असते ती धंद्यासाठी : हॉटेल, खानावळ, फरसाण आणि लग्नाच्या देगा. दिवाळीपासून पर्यटकांचा आणि लग्नांचा मोसम सुरू होतो. त्यात रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीतला, तर २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस सुरू होणारा. म्हणजे सेहरी-इफ्तारचे काम आता ऐन मोसमात येते. अशा वेळी पावसाळाभर कोपऱ्यात पडलेली शेगडी पहिल्याच ऑर्डरीला धुमसू लागली, तर गिऱ्हाईक जाते आणि घाईघाईने आणलेल्या गॅसच्या सिलिंडरात नफाही जातो.

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना प्रथम एक गोष्ट सांगावीशी वाटते. शेगडी धूर करते म्हणून लगेच मोटार बदलायला धावू नये. बहुतेक वेळा यंत्र ठीकच असते. पेलेट दमट झालेले असतात, नाहीतर हवेची वाट बुजलेली असते.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, उसाचे चिपाड असा माल वाळवून, दळून आणि प्रचंड दाबाखाली साच्यातून काढलेल्या ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यात सहसा वेगळा डिंक घालत नाहीत. दाबताना जी उष्णता होते तिने लाकडातलाच चिकट अंश मऊ होतो आणि भुसा एकमेकांना धरून राहतो. ही पकड पाणी सोडवते. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा. जूनमध्ये अर्धे राहिलेले पोते ऑक्टोबरात उघडले तर निम्म्या कांड्यांचा पुन्हा भुसा झालेला दिसतो.

परीक्षा सोपी आहे. कांडी मोडून पाहावी. चांगली कांडी कट्कन मोडते, वाईट कांडी बोटात चुरते. एक कांडी पेलाभर पाण्यात टाकावी. घट्ट दाबलेली असेल तर तळाला जाते, तरंगली तर माल सैल समजावा. दमटपणा पाहण्यासाठी एक किलो पेलेट तोलून दोन दिवस कडक उन्हात पत्र्यावर पसरावेत आणि पुन्हा तोलावेत. वजन १०० ग्रॅमने उतरले, तर तेवढे पाणी तुम्ही पेलेटच्या भावाने घेतले होते, आणि ते उडवायला आणखी जळण जाळणार होता. पोती भिंतीला टेकवून किंवा फरशीवर ठेवू नयेत, फळ्यांवर ठेवावीत.

कशाचे पेलेट आहेत हेही विचारून घ्यावे. लाकडी भुशाची राख फार थोडी पडते. भाताच्या तुसाची राख वजनाच्या १५ ते २० टक्के भरते आणि शेगडीची जाळी दिवसातून अनेकदा झाडावी लागते. आमच्या भागात काजूचे टरफल स्वस्त मिळते म्हणून काहीजण ते पेलेटमध्ये मिसळतात. हे करू नये. त्या टरफलात जळजळीत तेल असते. त्याचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो, आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो.

आता शेगडीकडे वळू. आधी विजेची पिन काढावी. पेलेटची पेटी पूर्ण रिकामी करावी. जुन्या शेगडीत पेटीतून जाळाकडे माल ढकलणारा स्क्रू असतो. पेटीत राहिलेला भुसा पावसाळ्यात फुगून त्या नळीत दगडासारखा बसतो. तशात बटण दाबले तर मोटार जळते, नाहीतर पिन तुटते. नळी खोलून लाकडी दांड्याने माल काढावा. पाणी ओतू नये.

त्यानंतर जाळी. तिची भोके राखेने व वितळून घट्ट झालेल्या राखेच्या खड्यांनी बुजतात. एकेक भोक खिळ्याने मोकळे करावे. जाळी वाकली किंवा भोके मोठी झाली असतील तर ती बदलावीच, कारण कांड्या न जळता राखेत पडतात. बिडाची जाळी कोल्हापूरला उद्यमनगर किंवा शिरोलीकडे नमुना देऊन ओतून मिळू शकते. लोखंडी पत्र्याची कापून घेतलेली जाळी स्वस्त पडते, पण जाळात लवकर वाकते.

ब्लोअरचे पाते हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरले पाहिजे. अडखळले किंवा खरखरले तर बेअरिंग गंजले आहे. पात्यावर बसलेली पिठासारखी धूळ ब्रशने काढावी, कारण नुसत्या तिनेही वारा कमी होतो. पाते फिरते पण मोटार नुसती गुंगुं करते, तेव्हा कपॅसिटर गेलेला असू शकतो. तो भाग स्वस्त असतो. चार महिने बंद राहिलेल्या मोटारीत दमटपणा शिरतो, म्हणून चालू करण्यापूर्वी वायरमनकडून मोटार आणि अर्थिंग दोन्ही तपासून घ्यावे. खाऱ्या जमिनीत अर्थिंगची पट्टी लवकर खाल्ली जाते.

दाराच्या दोरीची परीक्षा कागदाने करावी. कागद दारात धरून दार लावावे व ओढावा. सहज निघाला तर तिथून हवा गळते. धुराडे वरून खाली पाहावे. त्यात कुंभारमाशीची मातीची घरे, पाखरांचा काडीकचरा आणि काजळी सापडते. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. आत गेला तर खारी हवा पत्रा खाऊन गेली आहे, रंग लावून काम भागणार नाही.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. अर्धवट जळणाऱ्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. थंडीच्या रात्री कामगार पोरे ऊब म्हणून भट्टीजवळ दारे-खिडक्या लावून झोपतात, आणि निखारा विझला असे समजतात. कोणीही असे झोपू नये, आणि मालकाने झोपू देऊ नये. वीज गेली की ब्लोअर थांबतो आणि धूर खोलीत उलटतो. कधी जाळ पेलेटच्या पेटीकडेही मागे सरकतो. म्हणून पेटीचे झाकण घट्ट असावे, पेटत्या शेगडीत ते उघडू नये, आणि ब्लोअरला इन्व्हर्टरची सोय असावी. रॉकेल ओतून पेटवणे तर नकोच. सुकलेल्या करवंटीचे तुकडे पुरतात.

काही घरांत अजून लहान शेगड्या आहेत. २००६ च्या सुमारास बीपी कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने 'ऊर्जा' नावाची शेगडी महाराष्ट्र-कर्नाटकात आणली होती. ती वरून पेटवायची असते आणि तिचा पंखा बॅटरीवर चालतो. पुढे पेलेट महागले आणि कित्येक शेगड्या माळ्यावर गेल्या. अशी शेगडी काढलीत तर आधी बॅटरी पाहा, मग आतले मातीचे अस्तर. केसाएवढी चीर चालेल. जिच्यात रुपयाचे नाणे शिरते ती फायरक्लेने बुजवून, वाळवून, पहिल्या दिवशी मंद जाळच द्यावा.

हिशेब असा आहे. पेलेटच्या एका किलोत साधारण ४००० किलोकॅलरी उष्णता असते, गॅसच्या किलोत ११,००० च्या आसपास. म्हणजे १९ किलोच्या सिलिंडरला निव्वळ उष्णतेने ५२ किलो पेलेट लागतात, आणि शेगडीची गळती धरली तर त्याहून अधिक. ती किती, हे घरीच मोजता येते. शेगडी अर्धा तास तापू द्यावी आणि झाकणाच्या पातेल्यात २० लिटर पाणी उकळावे. कागदावर त्याला ३६० ग्रॅम पेलेट पुरतात. प्रत्यक्षात एक-सव्वा किलो लागले तर ठीक म्हणावे. दोन किलोवर गेले तर पुन्हा जाळी आणि ब्लोअर उघडावा. मिनिटे व किलो तारखेसह खडूने भिंतीवर लिहून ठेवावेत, पुढच्या वर्षी ताडून पाहता येतील.