गंधाचे चित्र
चैत्रात सिल्वासाच्या रानातला मोह आम्हांस दुरूनच कळतो. पण तो वास शेजाऱ्यास येतो की नाही, हे त्याच्या शब्दावरूनच समजणार! २०२० च्या साथीत अनेकांची घ्राणशक्ती हरपली, तेव्हा पुण्याच्या 'आयसर' संस्थेतील निक्सन अब्राहम यांच्या गटाने मोजून गंध देणाऱ्या यंत्राने रुग्णांची परीक्षा घेतली. तेथेही उत्तर रुग्णानेच द्यावयाचे. मेंदूचे एम. आर. आय. चित्रण मात्र शब्दावर विसंबत नाही. गंध हुंगविताच मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते तिकडे प्राणवायुयुक्त रक्त अधिक धावते. तो फरक चित्रात उमटतो. हे तत्त्व सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखविले. गंमत अशी, की गंधहीन हवा हुंगली तरी यांतील काही भाग जागे होतात. म्हणून दोन्ही चित्रे ताडून पाहावी लागतात.