स्पिट्सबर्गेनच्या हिमतटाने

नॉर्वे देशाचे उत्तर टोक आणि उत्तरध्रुव यांच्या साधारण मध्यावर स्वालबार्ड नावाचा एक द्वीपसमूह आहे. तो 74 ते 81 उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला असून त्याची अर्ध्याहून अधिक भूमी बारमाही बर्फाखाली झाकलेली असते. यांतील सर्वांत मोठ्या बेटास स्पिट्सबर्गेन म्हणतात. विलेम बारेंट्स हा डच दर्यावर्दी चीनकडे जाणारा उत्तरेचा सागरी मार्ग शोधीत 1596 मध्ये येथे येऊन पोहोचला. समुद्रातून एकदम वर आलेली, सुळ्यांसारखी शिखरे त्याच्या दृष्टीस पडली. तेव्हा त्याने या भूमीस ‘टोकदार डोंगर’ या अर्थाचे हे नाव दिले. या बेटांवर मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. जे आले ते सारे बाहेरून आले आणि बहुतेक काही ना काही नेण्यासाठीच आले.

इतक्या उत्तरेस एरव्ही जहाजाचा शिरकाव होणे कठीण. परंतु अटलांटिक महासागरातून उत्तरेकडे वाहत जाणाऱ्या उष्ण प्रवाहाचा एक फाटा स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्याला लागून जातो. त्यामुळे उन्हाळ्यात हा किनारा बर्फमुक्त असतो. याच वाटेने पूर्वी देवमाशांचे शिकारी आले, मग कोळशाच्या खाणींचे मालक आले, शास्त्रज्ञ आले आणि आता प्रवासी येतात. त्यांना घेऊन जाणाऱ्या जहाजांच्या फेरीस शोधसफर असे म्हणता येईल. नाचगाण्यांचे दिवाणखाने आणि हजारो उतारू वाहणाऱ्या विलासी जहाजांशी तिचे फारसे साम्य नाही. हे जहाज लहान असते. त्यावर शंभर-दोनशे प्रवासी असतात आणि तरंगत्या बर्फाचा आघात सोसता यावा म्हणून त्याचा सांगाडा मजबूत केलेला असतो. पुढच्या मुक्कामी धक्का नाही, रस्ता नाही, घर नाही, हे गृहीत धरूनच त्याची सर्व सिद्धता केलेली असते.

सफरीचा आरंभ लॉन्गिअरब्येन या गावी होतो. एका अमेरिकन उद्योजकाने 1906 मध्ये कोळशाच्या खाणीसाठी वसविलेल्या या गावात आज सुमारे अडीच हजार लोक राहतात. गावाजवळच्या डोंगरात जगातील पिकांचे बियाणे जपून ठेवण्यासाठी 2008 मध्ये उघडलेले एक कोठार आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने पाठविलेले ज्वारी, बाजरी व तूर यांचे वाणही त्या गोठलेल्या खडकाच्या पोटात सुरक्षित आहेत. गावाबाहेर पडले की सडक संपते. पुढे जावयाचे ते समुद्राने, नाहीतर बर्फावरून.

जहाज सुटले की नवख्या प्रवाशास पहिला धक्का बसतो तो थंडीचा नव्हे, तर उजेडाचा. येथे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. तो आकाशाच्या कडेकडेने फिरत राहतो. मध्यरात्री उत्तरेस थोडा खाली झुकतो आणि पुन्हा वर चढतो. जेवणाची घंटा झाली नाही तर दिवस कोणता व रात्र कोणती हे समजू नये! याउलट हिवाळ्यात साडेतीन महिन्यांहून अधिक काळ सूर्याचे दर्शन घडत नाही. वेदांतील दीर्घ उषेची वर्णने अशाच प्रदेशात सुचली असावीत, असा तर्क लोकमान्य टिळकांनी 1903 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडला होता. तो सिद्धान्त पुढे विद्वानांनी मान्य केला नाही. तथापि मंडालेच्या तुरुंगवासापूर्वीच, ध्रुवप्रदेश डोळ्यांनी न पाहता, केवळ ग्रंथांच्या व ज्योतिषाच्या आधारे तेथील आकाशाचा त्यांनी केलेला विचार थक्क करणारा आहे.

उत्तरेकडे जाताना कॉंग्सफिओर्ड लागतो. डोंगरांच्या मधून दूरवर आत घुसलेल्या खोल सागरी खाडीस फिओर्ड म्हणतात. एके काळी येथे हिमनद्या होत्या, त्यांनीच या दऱ्या कोरून काढल्या. या फिओर्डाच्या काठी नी-ऑलेसुंड नावाची छोटी वसाहत आहे. ती पूर्वी कोळशाची खाण होती. 1962 मधील स्फोटात तेथे 21 कामगार मृत्यू पावले आणि त्यानंतर खाण कायमची बंद झाली. आज तेथे अनेक देशांच्या संशोधनशाळा आहेत. भारताचे ‘हिमाद्रि’ हे केंद्र 2008 पासून तेथेच असून त्याचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून पाहिला जातो. फिओर्डातील पाण्याचे उष्णतामान व खारटपणा मोजणारी यंत्रे भारतीय शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये पाण्याखाली सोडली. आमुंडसेन, एल्सवर्थ व नोबिले यांचे हवाई जहाज 1926 च्या मे महिन्यात ज्या मनोऱ्यापासून ध्रुवाकडे उडाले, तो लोखंडी मनोराही तेथे अजून उभा आहे. येथे उतरणाऱ्या प्रत्येकास आपल्या दूरध्वनीच्या बिनतारी लहरी बंद कराव्या लागतात. दूरच्या अवकाशातून येणारे क्षीण संदेश टिपणाऱ्या यंत्रांना त्यांचा उपद्रव होतो.

यापुढे मात्र वसाहत नाही. प्रवाशांच्या हाती कार्यक्रमाचा कागद दिलेला असतो खरा, पण त्यावर फारसे कोणी विसंबत नाही. रोज येणारा बर्फाचा नकाशा, वारा आणि धुके पाहून कप्तान व सफरीचा प्रमुख दुसऱ्या दिवसाचा मार्ग ठरवितात. सागरी नकाशेही येथे पुरेसे पडत नाहीत. हिमनद्या इतक्या वेगाने मागे हटल्या आहेत की जुन्या नकाशात जेथे बर्फ दाखविला आहे, तेथे आता जहाज तरंगू शकते. त्या पाण्याची खोली मात्र कोणी मोजलेली नसते. अशा ठिकाणी पुढे लहान होडी पाठवून तळाचा अंदाज घेत, अगदी सावकाश जावे लागते.

सावकाश न गेल्यास काय होते, याचे प्रत्यंतर 1989 च्या जून महिन्यात आले. ‘माक्सिम गोर्की’ नावाचे एक मोठे सोव्हिएत प्रवासी जहाज स्वालबार्डच्या पश्चिमेस वेगाने जात असता तरंगत्या बर्फावर आदळले. जहाजास भगदाड पडून पाणी आत शिरू लागले. जहाजावर सुमारे साडेनऊशे माणसे होती. बहुतेक उतारू जीवरक्षक होड्यांत उतरले आणि काहींनी चक्क तरंगत्या हिमखंडांचा आश्रय घेतला. नॉर्वेच्या तटरक्षक दलाचे ‘सेन्या’ हे जहाज काही तासांनी तेथे पोहोचले. सुदैवाने समुद्र शांत होता. सर्वांचे प्राण वाचले आणि बुडू पाहणारे जहाजही तगले. समुद्र खवळलेला असता तर काय झाले असते, याचा विचार पुढे पुष्कळ झाला. ध्रुवीय समुद्रांत जाणाऱ्या जहाजांची बांधणी, जीवरक्षणाची साधने व खलाशांचे शिक्षण यांविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम मात्र 2017 मध्ये अंमलात आले.

किनाऱ्यावर उतरणे हा या सफरीचा गाभा होय. जहाज दूर नांगरून ठेवतात आणि दहा-बारा जणांना रबरी होड्यांतून काठाशी नेतात. त्यापूर्वी वाटाडे पुढे जाऊन आसमंत दुर्बिणीने न्याहाळतात. त्यांच्या खांद्यावर रायफल व कमरेस इशाऱ्याची पिस्तुले असतात, कारण पांढरे अस्वल कोणत्या खडकाआड असेल याचा नेम नसतो. जहाज सोडताना प्रत्येक प्रवासी फळ्यावरचा आपल्या क्रमांकाचा बिल्ला उलटवितो आणि परतल्यावर तो पुन्हा सुलटा करतो. एक जरी बिल्ला उलटा राहिला तरी नांगर उचलला जात नाही. जाताना व येताना बुटांचे तळवे घासून धुवावे लागतात. परक्या भूमीचे बी त्यांना चिकटून तेथे रुजू नये, हा त्यातील हेतू.

2018 च्या जुलै महिन्यात द्वीपसमूहाच्या अगदी उत्तरेकडील एका बेटावर अशीच पाहणी चालू असता एक अस्वल अकस्मात रक्षकांवर चालून आले. त्याने एकाच्या डोक्यास जखम केली. साथीदारांनी हाकाटून पाहिले, पण अस्वल हटेना. शेवटी त्यांनी त्यास गोळी घातली. माणूस वाचला, अस्वल मेले. त्यावर जगभर वाद उठला. रक्षकांनी दुसरे काय करावयाचे होते, असे काहींनी विचारले. माणसांनी तेथे जावयाचे तरी कशासाठी, असे इतरांनी विचारले. दोन्ही प्रश्न रास्त होते. 2025 पासून नॉर्वेच्या शासनाने तेथील नियम अधिक कडक केले. संरक्षित प्रदेशात दोनशेहून अधिक उतारू असलेले जहाज नेता येत नाही आणि ठरवून दिलेल्या 43 जागांखेरीज तेथे कोठेही उतरता येत नाही. अस्वलापासून किमान 300 मीटर अंतर राखावे लागते. मार्च ते जून या काळात पिले लहान असतात व समुद्रावर बर्फ असतो, म्हणून तेव्हा हे अंतर 500 मीटर असते.

वायव्य टोकाशी आम्स्टर्डाम नावाच्या बेटावर स्मीरेनबुर्ग हे स्थळ आहे. नावाचा अर्थ ‘चरबीचे गाव’. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डच शिकाऱ्यांनी येथे तळ ठोकला होता. हेन्री हडसनने 1607 मध्ये या समुद्रात देवमाशांचे कळप पाहिल्याची वार्ता दिली आणि युरोपातील जहाजांची इकडे रीघ लागली. ज्या जातीच्या मागे ते लागले तो देवमासा संथ पोहणारा असे, त्यामुळे तो सहज हाती लागे. शिवाय मेल्यावर तो पाण्यावर तरंगे. त्याची चरबी किनाऱ्यावरील भट्ट्यांत मोठमोठ्या तांब्याच्या कढयांतून कढवीत. ते तेल युरोपातील दिव्यांत जळे, साबणात जाई. या गावात हजारो लोक राहत, अशा दंतकथा पुढे पसरल्या, पण उत्खननावरून ऐन भरातही तेथे दोनशेच्या आसपासच माणसे असावीत असे दिसते. तेवढ्यांनी व त्यांच्यासारख्या इतरांनी मिळून तो देवमासा या समुद्रातून जवळजवळ नाहीसा केला. दोनशे वर्षांहूनही अधिक जगू शकणारा हा प्राणी अगदी अलीकडे पुन्हा क्वचित या बाजूस दिसू लागला आहे.

भट्ट्यांच्या जागी आज वाळू व तेल यांचे दगडासारखे घट्ट झालेले काळे कडे तेवढे उरले आहेत. आसपासच्या किनाऱ्यांवर त्या खलाशांच्या कबरी आहेत. डच पुरातत्त्वज्ञांनी 1980 च्या सुमारास अशा काही कबरी उघडल्या, तेव्हा गोठलेल्या मातीत लोकरीच्या विणलेल्या टोप्या जशाच्या तशा आढळल्या. प्रत्येक टोपीवरील पट्टे निराळे होते. डोळ्यांपर्यंत गुरफटून घेतलेली माणसे एकमेकांस या टोप्यांवरूनच ओळखत असावीत. त्या टोप्या आता आम्स्टर्डामच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. स्वालबार्डमधील 1946 पूर्वीची मानवाची प्रत्येक खूण कायद्याने संरक्षित आहे. तेव्हा गंजलेला पत्र्याचा डबा असो की जुने हाड, त्यास कोणी हात लावीत नाही. पायांखालच्या शेवाळासही जपावे लागते. त्यावर उमटलेले पाऊल वर्षानुवर्षे तसेच राहते.

पुढे जहाज लीफ्डेफिओर्डात शिरते. येथे मोनाको ही हिमनदी समुद्रास मिळते. युगानुयुगे पडलेला हिम स्वतःच्याच भाराने दबून बर्फ होतो व डोंगरावरून अतिशय मंद गतीने खाली सरकतो. त्यातील हवा पिळून निघते. असा घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून त्याच्या भेगा गर्द निळ्या दिसतात. होडीचे इंजिन बंद केले की चहूकडून तडतड असा बारीक आवाज ऐकू येतो. वितळणाऱ्या हिमखंडांत कोंडलेल्या हवेचे बुडबुडे फुटत असतात. मधेच तोफ उडाल्यासारखा गडगडाट होतो आणि हिमनदीच्या तोंडाचा एखादा कडा पाण्यात कोसळतो. त्याची लाट होडी उलथवू शकते, यासाठी नावाडी नेहमी पुरेसे अंतर ठेवतात.

ईशान्येस हिनलोपेनच्या सामुद्रधुनीत आल्केफ्येलेट नावाचा कडा आहे. काळ्या पाषाणस्तंभांचा हा कडा सरळ समुद्रात उतरतो आणि त्याच्या अरुंद कंगोऱ्यांवर हजारो गिलेमॉट पक्षी खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. त्यांच्या कलकलाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. हे पक्षी घरटे बांधीत नाहीत. उघड्या दगडावरच एकुलते एक अंडे घालतात. पिलू सुमारे तीन आठवड्यांचे झाले, की पंखांत उडण्याचे बळ येण्यापूर्वीच ते त्या उंच कड्यावरून खाली उडी घेते. बाप त्याच्याबरोबर झेपावतो. पाण्यात पडलेले पिलू बापामागून पोहत दूर समुद्रात निघून जाते आणि पुढे कित्येक दिवस बापच त्यास भरवितो. जे पिलू पाण्यापर्यंत न पोहोचता काठावर पडते, त्याच्यासाठी खाली कोल्हा टपलेला असतो. ही उडी पाहताना होडीतील माणसेही नकळत श्वास रोखून धरतात.

ऐंशी अंशांच्या पलीकडे गेले की क्षितिजावर एक पांढरी रेघ दिसू लागते. ती ध्रुवसमुद्रावरील बर्फाची कड. पूर्वी ती उन्हाळ्यातही पुष्कळ दक्षिणेस असे. आता ऑगस्टपर्यंत ती इतकी उत्तरेस सरते, की काही जहाजांना तिच्यापर्यंत जाताच येत नाही. या बर्फावर सील विसावतात आणि सीलच्या शोधात अस्वले हिंडतात. बर्फ हटला की अस्वलांना किनाऱ्यावर पक्ष्यांची अंडी व वाहून आलेली मढी यांवर दिवस काढावे लागतात. कप्तान इंजिनाचा वेग कमी करतो. पहाऱ्यावरचा माणूस हळूच हात वर करतो. दूर, शुभ्र बर्फाच्या पार्श्वभूमीवर, किंचित पिवळसर असा एक ठिपका सरकत असतो. दुर्बिणीतून पाहिले तर मादी व तिच्या मागे एक पिलू एवढे कळते. छायाचित्र चांगले येणार नाही म्हणून काही प्रवासी हळहळतात. जहाज तेथेच थांबते. मादी मान वर करून वारा हुंगते, पुन्हा खाली वाकते आणि पिलासह बर्फाच्या उंचवट्याआड दिसेनाशी होते. मग कप्तान जहाजाचे तोंड दक्षिणेकडे वळवितो.