खेळाचीही परीक्षा असते!

मुलांनो, पकडापकडी खेळताना तुमच्यात कुणी 'कच्चा लिंबू' असतो का? असणारच! शेजारचा चिंटुकला मागेच लागतो, "मलापण घ्या, मलापण घ्या." त्याला घ्यायचे, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात छापलेला आहे? कुठल्याच नाही. लहानग्यावर सारखे राज्य येते, तो रडतो आणि सगळ्यांचाच खेळ मोडतो, हे पाहून मुलांनीच तो केलेला असणार. म्हणजे नियम कुणीतरी करतो, तो खेळून पाहिला जातो आणि चुकला तर बदलतो.

आज तुम्हांला अशा एका खेळाची गोष्ट सांगते, ज्याचे नियम तपासायला लाखो माणसे बसली!

वर्ग, पण शाळेतला नव्हे

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन माणसांनी तो रचला आणि 1974 साली तो बाजारात आला. यात चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो म्हणतो, "समोर खोल दरी आहे. पूल मोडका आहे. पलीकडून गुरगुर ऐकू येतेय. काय कराल?" बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जमेल की नाही, हे फासा ठरवतो. ल्युडोचा फासा सहा बाजूंचा असतो ना? इथे चार, आठ, दहा, बारा आणि चक्क वीस बाजूंचेही फासे असतात!

प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो, म्हणजे वर्ग. आपला चौथी ब नव्हे हं! वर्ग म्हणजे त्या पात्राचा पेशा. पहिल्या पुस्तकात तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. 2024 सालच्या पुस्तकात ते बारा आहेत.

आता खरी अडचण इथेच आहे. बारा पेशे, प्रत्येकाच्या शक्ती निराळ्या. मग एक फारच बलवान आणि दुसरा अगदीच बिचारा होणार नाही, हे कसे पाहायचे?

रेंजर आणि त्याचा लांडगा

2014 सालच्या पुस्तकात 'रेंजर' नावाचा एक वर्ग होता. रेंजर म्हणजे रानावनात फिरणारा वाटाड्या. त्याच्या एका प्रकाराला सोबती म्हणून प्राणी मिळायचा, समजा लांडगा. वाचतानाच किती मजा वाटते, नाही? पण प्रत्यक्ष खेळताना काय व्हायचे? लांडग्याला हल्ला करायला सांगायचे, तर रेंजरची त्या पाळीतली मुख्य कृती खर्च व्हायची. म्हणजे एक तर तू मार, नाहीतर लांडगा मारेल! पुढच्या पातळ्यांवर थोडी सवलत मिळे, पण सुरुवातीला नाहीच. सोबती मिळूनही हात दोनाचे चार काही व्हायचे नाहीत.

खेळाडूंनी कुरकुर केली. मग कंपनीने काय करावे? 2016 साली सुधारित रेंजरचा मसुदा सगळ्यांसमोर ठेवला आणि सांगितले, खेळून पाहा आणि कळवा. त्या मसुद्यात प्राण्याला स्वतःची पाळी मिळाली होती. तो मसुदा जसाच्या तसा काही पुस्तकात गेला नाही. पण 2020 सालच्या एका पुस्तकात तोडगा निघाला. मुख्य कृतीला हात न लावता, एका छोट्या जादा कृतीत प्राण्याला हुकूम देता येऊ लागला. 2024 च्या पुस्तकातही ही सोय राहिली. एवढ्याशा गोष्टीला सहा वर्षे लागली!

भूचर, जलचर, खेचर

अशा तपासणीला 'प्लेटेस्ट' म्हणतात. 2012 साली या खेळाची नवी आवृत्ती करताना मसुदा सर्वांना खुला केला होता. खेळून पाहणारे पावणेदोन लाखांहून अधिक होते, असे पुस्तकातच छापले आहे. 2022 साली पुन्हा अशीच मोठी तपासणी सुरू झाली.

त्यातली एक गंमत ऐका. 'ड्रुइड' नावाचा वर्ग प्राण्याचे रूप घेऊ शकतो. पण प्रत्येक प्राण्याची माहिती निराळी, म्हणून खेळता खेळता पुस्तकाची पाने उलटत बसावे लागे. बाकीचे जांभया देत. म्हणून 2023 च्या फेब्रुवारीतल्या मसुद्यात तीनच तयार साचे दिले : जमिनीवरचा, पाण्यातला आणि आकाशातला प्राणी. काम सोपे झाले! पण खेळाडू नाराज झाले. अस्वल व्हा की लांडगा व्हा, आकडे सारखेच! मग अस्वल झाल्याची मजा ती काय?

कंपनीने हट्ट केला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये साचे मागे घेतले आणि खरे प्राणी परत आणले. पण पाने उलटण्याची तक्रारही खोटी नव्हती ना? म्हणून 2024 च्या पुस्तकात नवशिक्या ड्रुइडने चार प्राणी आधीच निवडून ठेवायचे, असे ठरले. दोन्ही बाजूंचे ऐकले की असा तिसरा मार्ग सापडतो.

माझी चूक

हे वाचून मलाही हुरूप आला. बाहेर मुसळधार पाऊस होता, मैदानात जाता येत नव्हते. मी वर्गासाठी एक खेळ रचला. किल्ल्यात राक्षस शिरलाय आणि चौघांनी त्याला हुसकायचे : लढवय्या, जादूगार, हेर आणि वैद्य. वैद्याने जखमींना बरे करायचे. खेळ संपल्यावर मी विचारले, "आवडला का रे?" सगळे एका सुरात ओरडले, "होऽऽ बाई!" मी खूश!

दुसऱ्या दिवशी वैद्य झालेली मुलगी खेळायला येईना. "पोटात दुखतंय," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाई, कुणी जखमीच होत नव्हतं. माझी पाळी आली की मी नुसतं 'पास' म्हणत होते."

मला चर्रकन वाटले. ती खेळात होती, पण खेळत नव्हती. कच्च्या लिंबाला निदान पळता तरी येते! आणि तो नियम माझाच होता, माझा अगदी लाडका. चूक तिची नव्हती, माझ्या प्रश्नाचीही होती. बाईंनी "आवडला का?" विचारल्यावर "नाही" कोण म्हणणार?

मग आम्ही फळ्यावर चौघांची नावे लिहिली आणि ज्याची पाळी वाया जाईल, त्याच्यापुढे रेघ मारत गेलो. वैद्यापुढे पाच रेघा, बाकी तिघांच्या मिळून एक! आता बोलायची गरजच उरली नाही. त्या मुलीनेच उपाय सुचवला, "कुणी जखमी नसेल तेव्हा वैद्याने जडीबुटी गोळा करायची." खेळून पाहिले. आता तिच्याकडे ढीगभर जडीबुटी जमली आणि राक्षस हरतच राहिला. राक्षस झालेला मुलगा वैतागला! तिसऱ्या वेळी ठरवले, एका वेळी दोनच जुड्या जवळ ठेवता येतील. तेव्हा कुठे खेळ रंगला. त्या दिवशी राक्षस जिंकला, आणि तरी वैद्यबाई म्हणाल्या, "उद्या परत मीच वैद्य!"

तुम्हीही तपासा

तुमचा एखादा खेळ घ्या आणि असे करून पाहा :

1. एका वेळी एकच नियम बदला. दोन बदललेत तर फरक कशामुळे पडला, ते कळणार नाही.
2. बदल लहान ठेवा. वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा जास्त पडायला हवे असेल, तर 20 पैकी 10 आकडे आपल्या बाजूचे. तेच 10 वर आणले, तर 11 आकडे आपले. म्हणजे एका आकड्याने शंभरात पाच संधी वाढल्या!
3. "आवडला का?" विचारू नका. "कुठे कंटाळा आला?" विचारा आणि वाया गेलेल्या पाळ्या मोजा.
4. जो सगळ्यांत गप्प बसलाय, त्याला आधी विचारा.
5. आपलाच नियम चुकला, तर तो खोडायची तयारी ठेवा. हे सगळ्यांत अवघड. मला विचारा!

आणि हो, आज संध्याकाळी खेळायला जाल, तेव्हा कडेला कोण नुसते उभे आहे, ते जरा बघाल ना?