कालव्याच्या भरावावरचं विद्यापीठ

पुणे विद्यापीठाच्या ॲथलेटिक्सचा इतिहास कुणी लिहायला घेतला की तो डेक्कन जिमखान्यावर सुरू होतो आणि बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर संपतो. ग्रामीण विभागाच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही ‘ग्रामीण खेळाडूंनीही चमक दाखवली’ छापाची. पुण्यातल्या विद्वान मित्रांशी माझं भांडण आहे ते त्या ‘ही’वरून.

जिमखान्याचं श्रेय मी नाकारत नाही. १९१९ साली तिथल्या शर्यतीत अनवाणी पळणारी माणसं दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२०ला अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपला चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन पळाले. पण जिमखान्यावर अनवाणी पळालेली ती माणसं आली होती शेतातून. म्हणजे पहिल्या दिवसापासून पोरं खेड्यातली आणि इतिहास शहराचा!

१९४९ला विद्यापीठ झालं तेव्हा बारा जिल्हे त्याच्याकडे होते. १९६२ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ निघालं, १९९०ला जळगावचं. उरले पुणे, नगर, नाशिक. मला सल एकच आहे, माणदेश हातचा गेला. नीरेच्या अलीकडचा बारामतीचा पोरगा पुणे विद्यापीठाचा, पलीकडचा फलटणचा शिवाजीचा. कमी पावसाचा, लांब पल्ल्याच्या चालीचा पट्टा एकच. त्याच माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, तेव्हा नदीच्या या काठावरही पेढे वाटले गेले.

१९६२लाच बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं. पुढे सोमेश्वरनगर, इंदापूर असं करत कॉलेजं वाढली आणि प्रत्येक ठिकाणी एक फिजिकल डायरेक्टर, म्हणजे पी.डी., आला. कुणी कांदिवलीच्या शारीरिक शिक्षण संस्थेतला, कुणी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घडलेला, नंतरचे पुण्याच्या आगाशे कॉलेजातले. क्रिकेटच्या पॅडपासून गॅदरिंगच्या मांडवापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात. मैदान जेमतेम दोनशे मीटरच्या ट्रॅकचं. दोरी धरून वळणं आखायची, फक्की मारायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून गुरं गेली की पुन्हा मारायची. या माणसांनी परंपरा उभी केली असं मी म्हणतो, तेव्हा ‘पदकं किती?’ असं विचारणारे भेटतात. विद्यापीठाच्या संघात किती पोरं गेली आणि तिथून रेल्वेत, पोलिसात, सैन्यात जाऊनही किती जण पळत राहिले, ते आधी विचारा.

आम्हा पी.डी. मंडळींचा खरा ट्रॅक होता नीरा डाव्या कालव्याचा भराव. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, पायाखाली मऊ माती. डांबरी रस्त्यावर नडग्या धरतात, इथे धरत नसत. पहाटे अंधारात निघायचं. एका चारीपासून दुसऱ्या चारीपर्यंत जोरात, पुढच्या चारीपर्यंत मोकळं, मग पुन्हा जोरात. चाऱ्यांमधलं अंतर कधीच सारखं नसे, त्यामुळे पोराला वेगाचा हिशेब पायांनीच ठेवावा लागे. घड्याळ एकच, तेही माझ्या हातात. पावसाळ्यात भराव निसरडा झाला की माळावर क्रॉसकंट्री. पुढे एका शिबिरात कळलं की असल्या पळण्याला स्वीडनमध्ये ‘फार्टलेक’ म्हणतात आणि त्यावर पुस्तकं आहेत. वारीत काटेवाडीला मेंढ्यांचं आणि बेलवाडीला अश्वांचं रिंगण बघत वाढलेल्या पोरांना ते वेगळं शिकवावं लागलं नाही.

‘ट्रॅकशिवाय धावपटू घडत नाही’ म्हणणाऱ्यांना मी न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड सांगतो. हा बुटांच्या कारखान्यातला माणूस. आसपासच्या पोरांना डोंगरवाटांवर पळवलं आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यातल्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं, मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण घेतलं. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन त्याच्याकडून शिकून आले. आमच्याकडे मात्र कालव्यावर येऊन बघायला कुणाला सवड झाली नाही.

नाशिकचं कौतुक मोकळ्या मनाने करतो. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिथे ठाण मांडलं, म्हणून सावरपाड्याची कविता राऊत २०१०ला राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांतून दहा हजार मीटरची पदकं घेऊन आली, आणि संजीवनी जाधवने २०१७ला तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतराचं रौप्य मिळवलं. एक माणूस एका गावात वर्षानुवर्षं टिकला की काय होतं, ते यात दिसतं.

आणि आज आमच्याकडे? बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारासाठी लुगड्यावर, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, तो योग्यच. पण त्या जिद्दीवर टाळ्या वाजवणारा तालुका आपल्या मुलींसाठी प्रशिक्षक मागत नाही. पी.डी. निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी राहते, किंवा कुणी तरी तासिका तत्त्वावर येतं आणि जूनमध्ये बदलतं. ती पोकळी भरतीच्या अकादम्यांनी भरली. पहाटे शेकडो पोरं पळतात, पण फक्त सोळाशे मीटर. पोलीस भरतीत पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं की वीसपैकी वीस गुण, मग पुढे वेग वाढवायचा कशाला? हाच वेग पंधराशे मीटरला चार मिनिटं पन्नास सेकंद होतो, आणि त्यावर विभागीय स्पर्धेत कुणी ढुंकून बघत नाही. आम्ही पोराला तीन वर्षांत पंधराशेवरून दहा हजारावर नेत होतो. अकादमी त्याला सहा महिन्यांत सोळाशेवर आणून सोडून देते. भरती झाली तर बूट खुंटीला, नाही झाली तरी खुंटीला.

पोटाची भ्रांत मला कळते, नोकरीवर माझा राग नाही. अकादमीवाल्यांना विनंती एवढीच, की सोळाशेला जो पहिला येतो त्याला दुसऱ्या दिवशी जवळच्या कॉलेजच्या पी.डी.कडे पाठवा. आणि प्राचार्यांना विनंती, की तो येईल तेव्हा तिथे पी.डी. असेल एवढं बघा.