बिनतारी लहरींचे धनी

हैदराबाद संस्थानाच्या अमदानीत औरंगाबादेस बिनतारी ध्वनिक्षेपणाचे जे केंद्र चालत असे, ते 1950 साली आकाशवाणीच्या स्वाधीन झाले, तेव्हा यंत्राचा धनी बदलला. परंतु ज्या अदृश्य लहरींवर स्वार होऊन त्याचा आवाज दूरवर जाई, त्यांवर अंतिम हक्क कोणाचा, हा प्रश्न तसाच राहिला. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांच्या लेखी ही सारी मिरास सरकारची होती. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी न्यायाधीशाच्या लेखणीतून असा निर्वाळा दिला की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा विनियोग लोकहितासाठीच झाला पाहिजे.

ही मालमत्ता विपुल नाही. एकाच परिसरात एकाच लहरीवर दोघांनी संदेश पाठविल्यास दोहोंचा घोटाळा होतो. शिवाय, कमी कंपनसंख्येच्या लहरी दूर जातात व भिंती भेदतात, तर अधिक कंपनसंख्येच्या लहरी अल्प अंतरात पुष्कळ माहिती वाहतात. यास्तव कोणती लहर कोणास, किती मुदतीने व काय मोबदल्यात द्यावी, याचा निवाडा शासनास करावाच लागतो. आणि जेथे निवाडा, तेथे कैफियती आल्याच.

मोबाइल कंपन्यांची संघटना 1995 सालीच उभी राहिली. लिलावात कबूल केलेली परवाना-शुल्के डोईजड झाल्याची तिची तक्रार होती. 1999 च्या दूरसंचार धोरणाने ठराविक शुल्काऐवजी महसुलातील हिस्सा घेण्याची पद्धत स्वीकारली. पुढे जानेवारी 2001 मध्ये स्थिर दूरध्वनीच्या परवानाधारकांना मर्यादित क्षेत्रात फिरत्या सेवेची मुभा मिळताच दोन तंत्रज्ञानांचे पुरस्कर्ते परस्परांविरुद्ध मंत्रालयात आणि न्यायासनासमोर उभे ठाकले. या कलहाच्या ऐन मध्यावर, अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन हे दळणवळण मंत्री होते. नोव्हेंबर 2003 मध्ये एकत्रित परवान्याचे धोरण आले, तेव्हा कोठे तो शमला.

उद्योगाने सरकारदरबारी आपली बाजू मांडणे हे निंद्य नव्हे. यंत्रांचे गुणदोष, मनोऱ्यांचा खर्च, परदेशांतील अनुभव यांचे तपशील त्याच्याच दफ्तरी असतात, व त्यांवाचून केलेले धोरण आंधळे ठरेल. अनर्थ होतो तो एकाच पक्षाचे ऐकले गेल्याने. म्हणूनच 1997 च्या कायद्याने स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणावर, म्हणजे ट्रायवर, पारदर्शकतेचे बंधन आहे: प्रथम विचारार्थ प्रश्नपत्र निघते, त्यावर लेखी अभिप्राय व प्रत्यभिप्राय मागविले जातात, आणि बहुधा खुली चर्चाही होते. या सर्व पायऱ्यांवर सामान्य नागरिकासही प्रवेश आहे. 2015 साली इंटरनेटच्या समान वागणुकीचा प्रश्न निघाला, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-पत्रे ट्रायकडे गेली. आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर आकारण्यास, कंपन्यांच्या संघटनेचा आग्रह असतानाही, मनाई करण्यात आली.

छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, या विषयाचे महत्त्व आज विशेष आहे. जून 2022 मध्ये केंद्राने कारखान्यांना आपल्या आवारात स्वतंत्र बिनतारी जाळे उभारण्याची वाट मोकळी केली. मात्र त्यासाठी लहरी सरकारने थेट द्याव्यात, या कल्पनेस मोबाइल कंपन्यांनी कसून विरोध केला. वाळूजचे यंत्रचालक, शेंद्रा-बिडकीनची नवी उद्योगनगरी आणि गावकुसापलीकडे संपर्क शोधणारा शेतकरी, या सर्वांचे हित अशा निर्णयांत गुंतलेले असते. तथापि प्रश्नपत्रे प्रायः इंग्रजीत निघतात. ती मराठीतही निघावीत, मराठवाड्यातही एखादी चर्चा भरावी, अशी मागणी येथील ग्राहक संस्थांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चरसारख्या संस्थांनी आग्रहाने करावी. आणि ती मान्य होईतो मुदतीच्या आत आपले लेखी अभिप्राय पाठवीत राहावे. न्यायालयाने ज्यांस धनी ठरविले, त्यांनी स्वतःच्या मालमत्तेच्या निवाड्यास गैरहजर राहिल्यास निकाल हजर असणाऱ्यांच्याच बाजूने लागणार.